चार लाख चौदा हजार एक

नगर शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक पत्रावर एक संख्या असते: ४१४००१. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, ही संख्या तशीच राहिली. नगरकर ती हजारो वेळा लिहितात. तिच्या आत काय आहे, हे पाहावे असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. या प्रकरणात तेच करायचे आहे.

पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते. केंद्रीय दळणवळण खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे मोठे कवीही होते. सरळ वाचले तर रामाची आणि उलट वाचले तर कृष्णाची स्तुती होईल असे विलोमकाव्य त्यांनी रचले. सारख्या नावांची गावे, देशातल्या नाना लिप्या आणि चुकीचे पत्ते यांमुळे पत्रे भरकटत होती, त्यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचे छत्तीसगड यांचा पट्टा. दुसऱ्या अंकाने त्यातला भाग कळतो, तिसऱ्याने टपाल छाटणीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांनी कार्यालय. महसुली जिल्हा आणि टपालाचा जिल्हा एकच असतात असे नाही. म्हणून नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा पिन ४१३ने सुरू होतो, संगमनेरचा ४२२ने आणि शिर्डीचा ४२३ने.

म्हणजे ४१४००१ ही मुळात एक खूण आहे. दोन पिनकोडांची बेरीज करून टपालखात्याला काही मिळत नाही. वेलणकरांनी या संख्येचे अवयव पाहून ती नगरला दिली असेही नाही. पण सहा अंक एका ओळीत मांडले की एक पूर्णांक उभा राहतो, आणि पूर्णांकाला स्वतःची रचना असते. ती कोणी देत नाही, कोणाला काढूनही घेता येत नाही. गणितावरच्या पुस्तकांत नेहमी निवडक, नावाजलेल्या संख्या भेटतात. मला मात्र वाटते की गणिताचा विचार न करता हाती आलेली एखादी संख्या घ्यावी आणि ती शेवटपर्यंत उलगडावी. संख्यांचे जग किती भरलेले आहे, ते तेव्हा कळते.

पहिला प्रश्न अवयवांचा. संख्या विषम आहे, म्हणून २ने भाग जात नाही. अंकांची बेरीज १०, म्हणून ३ने नाही. शेवटी १ आहे, म्हणून ५नेही नाही. पुढची मूळ संख्या ७. तिची कसोटी शाळेत बहुधा शिकवली जात नाही, पण ती फार सुंदर आहे. ७ × ११ × १३ = १००१, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करायचे आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. जी वजाबाकी येईल तिला ७, ११ किंवा १३ने भाग गेला, तर मूळ संख्येलाही जातो. कारण सरळ आहे. ४१४००१ म्हणजे ४१४ वेळा १००० अधिक १, म्हणजेच ४१४ वेळा १००१ वजा ४१३. पहिल्या भागाला सातने भाग जातोच. उरले ४१३, आणि ४१३ = ७ × ५९. म्हणून नगरच्या संख्येलाही सातने भाग जातो: ४१४००१ = ७ × ५९१४३.

इथे थांबू नये. ५९१४३चे गट ५९ आणि १४३. वजाबाकी ८४, म्हणजे ७ × १२. पुन्हा भाग गेला, हाती आले ८४४९. त्याचे गट ८ आणि ४४९. वजाबाकी ४४१, म्हणजे ७ × ६३. तिसऱ्यांदाही भाग गेला, आणि राहिले १२०७. आता वजाबाकी २०६ येते, तिला सातने भाग जात नाही. साताचे काम संपले. १२०७ मात्र १७ने फुटते: १७ × ७१. दोन्ही मूळ संख्या. तेव्हा

४१४००१ = ७ × ७ × ७ × १७ × ७१

या ओळीकडे जरा वेळ पाहत राहावे. पाच अवयव, आणि ते लिहायला ७ आणि १ हे दोनच अंक पुरले. त्यातले १७ आणि ७१ एकमेकांची उलटी रूपे आहेत. विलोमकाव्य रचणाऱ्या कवीने आखलेल्या पद्धतीतून ही संख्या नगरच्या वाट्याला आली, याचा मला मनापासून आनंद होतो.

पत्ता लिहिताना पहिले दोन अंक उलटसुलट झाले तर १४४००१ होते, आणि तो पिन पंजाबातल्या जालंधरचा आहे. पिनकोडात चूक पकडणारा अंक नाही. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक त्यासाठीच असतो आणि शेजारच्या दोन अंकांची अशी अदलाबदल तो ओळखतो. जालंधरच्या संख्येवरही १००१ची युक्ती चालवून पाहा. १४४ − १ = १४३ = ११ × १३. सात हाती लागत नाही, पण त्याचे दोन्ही सोबती लागतात: १४४००१ = ११ × १३ × १९ × ५३. एका अदलाबदलीने सगळे अवयव बदलले, एकही जुना उरला नाही.

सगळ्याच संख्या अशा सहज उकलत नाहीत. संगमनेरचा पिन ४२२६०५. त्यातून ५ बाहेर काढला की ८४५२१ उरते, आणि ते मूळ आहे. पण ते मूळ आहे हे पटवून घ्यायला २९०च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो. अंक वाढले की हे काम आवाक्याबाहेर जाते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चटकन होतो, पण गुणाकार हातात असताना त्या दोन संख्या शोधणे अतिशय जड असते. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार याच अडचणीच्या भरवशावर सुरक्षित राहतात. आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकी संख्या २०२० साली फोडली गेली, तीही संगणकांचे प्रचंड बळ एकत्र लावून.

आता नगरच्या संख्येचे विभाजक पाहू. ज्यांनी तिला निःशेष भाग जातो अशा संख्या एकूण सोळा: १, ७, १७, ४९, ७१, ११९, ३४३, ४९७, ८३३, १२०७, ३४७९, ५८३१, ८४४९, २४३५३, ५९१४३ आणि ती स्वतः. या सोळांची बेरीज करायची. एकेक मिळवत गेलात तरी चालेल, पण छोटी वाट अशी: सातांच्या गटाचे १ + ७ + ४९ + ३४३ = ४००, सतराचे १ + १७ = १८, एकाहत्तरचे १ + ७१ = ७२, आणि या तिघांचा गुणाकार. ४०० हा २०चा वर्ग. १८ × ७२ = १२९६, म्हणजे ३६चा वर्ग. तेव्हा एकूण बेरीज २० × ३६चा, म्हणजे ७२०चा वर्ग: ५१८४००.

पूर्ण वर्ग! आणि तोही ७२०चा, म्हणजे १ × २ × ३ × ४ × ५ × ६ याचा. पाच लाख अठरा हजार चारशेपर्यंतच्या संख्यांत पूर्ण वर्ग फक्त ७२० आहेत, यावरून हे किती विरळ आहे याचा अंदाज येईल. संगमनेरच्या संख्येची अशीच बेरीज ५०७१३२ येते. ती ७१२ आणि ७१३ यांच्या वर्गांच्या मध्ये कुठेतरी पडते.

या वर्गाचा मोठा वाटा सातच्या घनाकडे जातो, आणि त्याचा इतिहास मोठा आहे. पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधीश. गणित हा त्याचा फावल्या वेळेचा छंद, पण त्या छंदाने युरोपातल्या भल्याभल्यांना घाम फोडला. जानेवारी १६५७मध्ये त्याने सर्व गणितज्ञांना आव्हान दिले: असा घन शोधा की तो आणि त्याचे सगळे विभाजक मिळून पूर्ण वर्ग होईल. उदाहरण त्याने स्वतःच दिले, ते ३४३चे, कारण १ + ७ + ४९ + ३४३ = ४००. आता दुसरा शोधा, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडच्या जॉन वॉलिसने आधी १ हेच उत्तर पुढे करून प्रश्न झटकायचा प्रयत्न केला. फ्रान्समधल्या फ्रेनिक्लने मात्र मनावर घेऊन उत्तरे काढली. ७५१५३० या संख्येचा घन अशा उत्तरांपैकी एक आहे. ज्यांना हौस असेल त्यांनी ७५१५३० = २ × ३ × ५ × १३ × ४१ × ४७ येथून सुरुवात करून पडताळावे, दुपार आनंदात जाईल. एखाद्या एकट्या मूळ संख्येच्या घनाला हा गुण आहे का, असे विचाराल तर उत्तर एकच आहे: सात. दुसरी अशी मूळ संख्या नाही, हे सिद्ध झालेले आहे. फर्माने युरोपपुढे टाकलेला तो घन नगरच्या पिनकोडात बसलेला आहे.

त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, फर्माने आणखी एक कोडे घातले, आणि ते आपल्याला थेट घरी घेऊन येते. एखाद्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा वर्ग कोणता? दिसायला प्रश्न साधा. पण सर्वांत लहान उत्तर असे आहे: २२६१५३९८०च्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवा, १७६६३१९०४९चा वर्ग येतो. एक अब्ज ७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९! त्याहून लहान संख्या एकामागून एक तपासत बसणाऱ्याचे आयुष्य सरेल. नेमके हेच ६१चे उदाहरण भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे, तेही उत्तरासकट. बीजगणित ज्याचा भाग आहे तो सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा, म्हणजे फर्माच्या ५०७ वर्षे आधीचा. ते उत्तर चक्रवाल नावाच्या पद्धतीने काढलेले आहे. तिच्यात एका अंदाजातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी पावले टाकत थोड्याच फेऱ्यांत त्या अब्जातल्या संख्येपर्यंत पोचता येते. ब्रह्मगुप्तांनी पाया घातला, जयदेवांनी भर घातली, भास्कराचार्यांनी पद्धत सर्वांसमोर स्वच्छ मांडली. मोठ्या संख्येला न भिण्याची ही परंपरा मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

भास्कराचार्यांची आठवण दगडावरही कोरलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथे आहे, आणि एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचे साल इसवी १२०७. आणि ४१४००१ = ३४३ × १२०७.

क्षणभर अंगावर काटा येतो. पण इथे जपून पाऊल टाकायला हवे. शिलालेखावर १२०७ कोरलेले नाही, तिथे शके ११२८ आहे. शक मोजला की नगरच्या संख्येशी असलेले नाते तिथल्या तिथे नाहीसे होते. मोजणीची सुरुवात कुठून धरायची ते माणसाने ठरवले, म्हणून वर्षाचा आकडाही पिनकोडासारखीच एक खूण आहे. १२०७ म्हणजे १७ × ७१, हे मात्र शक मोजा की इसवी, तसेच राहील. संख्येचे स्वतःचे गुण कोणते आणि तिला आपण चिकटवलेले कोणते, हा भेद मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंकशास्त्र सांगून भविष्य पाहणाऱ्यांचा सगळा व्यवहार हा भेद पुसण्यावर चालतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रदेश आहे, आणि त्याचा राजा नगरच्या शेजारच्या जिल्ह्यात राहत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढची नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची, ती १९६२पर्यंत. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा आधार नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येची गोष्ट सांगितली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४वर येता आणि तिथेच राहता.

नगर जिल्ह्यातले आकडे घेऊन पाहू. चौंडीला अहिल्यादेवींचा जन्म झाला ते साल १७२५. त्यापासून ६२६४, ४१७६, ६१७४, तीन वजाबाक्या. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली ते १२९०. त्यापासून ९०८१, ९६२१, ८३५२, ६१७४, चार. आणि अकोले तालुक्यातले कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. त्यापासून ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. पूर्ण सात! लागू शकतात तेवढ्या सगळ्या पायऱ्या इथे लागल्या. फुटांत मोजले असते तर आकडा बदलला असता, हे आता सांगायला नको.

सहा अंकांना ही वजाबाकी लावली तर काय होते? तिथे ६१७४सारखे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन संख्या स्थिर आहेत, आणि त्यांशिवाय सात संख्यांचे एक वर्तुळ आहे. नगरची संख्या कुठे जाते ते पाहा: ४४११०० − ००११४४ = ४३९९५६. पुढे ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या वजाबाकीला ४२०८७६. इथून वर्तुळ सुरू होते: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. यातून सुटका नाही. वाटेतल्या प्रत्येक संख्येला ९ने भाग जातो, कारण अंकांचा क्रम बदलला तरी ९ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, आणि वजाबाकीत ती बाकी उडून जाते.

कापरेकरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. मग जिला असा जनक नाही, जी कशातूनच जन्मत नाही, अशी संख्या कोणती? अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले, देवळाली संख्या. ४१४००१ देवळाली संख्या नाही. तिला एकच जनक आहे, ४१३९६९: अंकांची बेरीज ३२, आणि ४१३९६९ + ३२ = ४१४००१.

असल्या अंकांच्या खेळांविषयी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांचे मत प्रतिकूल होते. १९४०च्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी १०८९ आणि ९८०१ यांसारखी उदाहरणे देऊन म्हटले की कोड्यांच्या सदराला ती शोभतील, गणितज्ञाला त्यात काही नाही. हार्डींचा मुद्दा खरा आहे. कापरेकरांचे गुण दशमान पद्धतीला बांधलेले आहेत. सातच्या पटीत मोजणारे, ० ते ६ एवढेच अंक वापरणारे लोक असते, तर त्यांनी नगरची संख्या ३३४३००० अशी लिहिली असती. तिच्यातले तीन सात त्यांना तीन शून्ये होऊन शेवटी उघड दिसले असते, आणि त्यांच्या कापरेकरांना ४२०८७६चे वर्तुळ सापडले नसते. पण दशमान लेखन ही काही किरकोळ गोष्ट नाही. आपल्याच देशाने जगाला दिलेले ते साधन आहे, आणि कोणतेही साधन आतून कसे चालते हे शोधणे हे खरे संशोधन आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधून कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. त्यांच्या प्रश्नांवर आजही शोधनिबंध लिहिले जातात. देवळालीच्या शिक्षकाच्या बाजूने बोलायला मला एवढे पुरेसे वाटते.

शेवटी लेखनाशी काही संबंध नसलेला एक गुण. ४१४००१ ही दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येईल का? चारने भागून ३ बाकी उरणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की ते अशक्य होते. इथे अशा दोन आहेत. ७ तीनदा आला आहे आणि ७१ एकदा. म्हणून कितीही शोधा, असे दोन वर्ग मिळणार नाहीत. तीन वर्गांना मात्र वाट मोकळी आहे. फक्त आठने भागून ७ बाकी उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या चार, सोळा, चौसष्ट अशा पटी यांनाच तीन वर्ग पुरत नाहीत, आणि नगरची संख्या आठने भागली की १ उरते. ६३८चा वर्ग ४०७०४४, ६६चा ४३५६, ५१चा २६०१. तिघांची बेरीज ४१४००१.